शर्यत सुटली, आता घोड्याचे काय?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मुंबईतील शर्यतींचा हंगाम एप्रिलच्या सुमारास संपतो आणि रेवसपासून मालवणपर्यंतची पत्रे आमच्याकडे येऊ लागतात. कोणाला महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्यातून निघालेला घोडा फुकट मिळतो आहे, कोणाचा घोडागाडीच्या शर्यतीतला घोडा लंगडू लागला आहे, कोणाच्या दारात पंचविशीकडे झुकलेले जनावर उभे आहे. अशी काही पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे संक्षेपाने दिली आहेत, नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मुंबईतील एका परिचितांनी आपला सहा वर्षांचा अख्ता (खच्ची केलेला) घोडा शर्यतीतून काढला आहे आणि ते तो आम्हाला विनामूल्य देत आहेत. आमची दोन एकर नारळ-सुपारीची वाडी आहे. घोडा कधी पाळलेला नाही. घ्यावा का? (सासवणे)

आधी मालकांना विचारा, घोडा का काढला? ‘आता पळत नाही’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. नुसता वेग कमी पडला म्हणून काढलेला घोडा मिळाला तर त्याहून चांगले काही नाही. काही घोड्यांच्या घशाची एक बाजू लुळी पडते आणि जोरात धावताना शिट्टीसारखा आवाज येतो. काहींच्या फुफ्फुसातून भरधाव पळाल्यावर रक्त येते. हे दोन्ही दोष शर्यतीला नडतात, सकाळच्या हलक्या रपेटीला सहसा नडत नाहीत. चौथे कारण पायाचे असते : कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) फाटलेली, घोट्याचा सांधा झिजलेला किंवा हाडाला तडा गेलेला. असा घोडा घेऊच नये असे नाही. पण त्याच्यावर कोणी बसणार आहे की त्याला नुसता पोसायचा आहे, हे तो दारात येण्यापूर्वी ठरलेले असावे.

तपासणी तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या, देणाऱ्याच्या नव्हे. घोडा कठीण, सपाट जमिनीवर दोरीने धरून दुडक्या चालीने चालवायला सांगा आणि त्याच्या डोक्याकडे पाहा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोके वर जाते. त्यानंतर एकेक सांधा मिनिटभर दुमडून धरायचा आणि लगेच चालवायचा, म्हणजे लपलेली लंगड बाहेर येते. देणाऱ्याला न दुखवता एवढे नक्की विचारा, की गेल्या आठवड्यात वेदनाशामक दिले होते का? त्या औषधाखाली लंगडा घोडाही नीट चालतो.

रक्ताच्या दोन तपासण्या घोडा हलवण्यापूर्वी करून घ्या : ग्लँडर्स आणि घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय. ग्लँडर्स माणसालाही होतो. घोडा बाधित ठरला तर त्याची सरकारदरबारी नोंद होते आणि त्याला संपवावे लागते. तुमच्या वाडीत आणल्यावर हे कळले तर तुमची इतर जनावरे आणि घोड्याजवळ वावरणारी माणसे, सगळ्यांवरच ते शेकते. धनुर्वाताची लस कधी दिली याचा कागद मागा. कोकणात जुने खिळे, पत्रे आणि गंजलेल्या तारा जागोजागी असतात, आणि घोड्याइतका धनुर्वाताला हळवा प्राणी दुसरा क्वचितच. नोंदणीच्या कागदावरचा मायक्रोचिप क्रमांक आणि अंगावरची चिप जुळते ना, तेही यंत्राने तपासून घ्या.

आता तुमच्या बाजूचे. माडा-पोफळींची दाट वाडी म्हणजे चराऊ रान नव्हे. सावलीतल्या गवतात दम नसतो आणि डोक्यावर नारळ, झावळ्या पडतात. घोड्याला हिंडायला निदान अर्धा एकर मोकळी, पाणी न साचणारी जागा लागते. जांभ्याचा चार फुटी गडगा असेल तर त्यावर बांबूची आणखी एक आडवी दांडी बांधा. शर्यतीचे जनावर बावरले की चार फूट सहज उडी मारते. काटेरी तार मुळीच नको. कुंपणाला कण्हेर किंवा बिट्टी लावलेली असेल तर ती मुळासकट काढा. थोडी पानेही घोड्याच्या जिवावर बेततात, आणि छाटून वाळत टाकलेली फांदीही तितकीच विषारी असते.

घोडा एकटा ठेवू नका. दुसरा शांत घोडा किंवा तट्टू मिळाले तर उत्तम, नाही तर गाय किंवा शेळीसुद्धा चालते. एकटा पडलेला शर्यतीचा घोडा दिवसभर तबेल्यात डुलत उभा राहतो, लाकूड चावतो, खंगतो. आणि अनुभवी मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा माणूस) मिळत नसेल, तर आमचे स्पष्ट मत आहे की घोडा घेऊ नका. दुसऱ्या घरासाठी मालकांनी आणखी महिनाभर थांबणे त्याच्या दृष्टीने बरे.

घेतलाच, तर पहिले दोन-तीन महिने खोगीर बाजूला ठेवा. शर्यतीत त्याला रोज पाच-सहा किलो चंदी (दाण्याचा खुराक) मिळत असते. ती एकदम बंद करू नका आणि तशीच चालूही ठेवू नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो कमी करत तीन आठवड्यांत एक-दीड किलोवर आणा आणि तेवढ्याच बेताने सुके गवत वाढवा. काम नसताना पूर्ण चंदी दिली तर घोडा अंगावर येतो, पोट बिघडते, टापांत दाह होऊन तो कायमचा अधू होऊ शकतो. शर्यतीच्या घोड्यांच्या जठरात व्रण असणे फार सामान्य आहे. त्यावर औषध डॉक्टर देतील, पण त्याच्यासमोर दिवसभर गवत असणे तितकेच महत्त्वाचे आहे. अ‍ॅल्युमिनियमचे हलके नाल काढून नालबंदाकडून टापा गोल घासून घ्या. पहिले काही आठवडे जांभ्याच्या खडीवर नेऊ नका.

वजनकाटा नसला तरी वजन काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने त्याला गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १८० आणि लांबी १६५ असेल तर वजन ४५० किलो येते. पुढची सारी मापे या आकड्यावर अवलंबून आहेत, म्हणून तो भिंतीवर लिहून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा.

प्रश्न : किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवण्यासाठी शर्यतीतून निघालेला घोडा स्वस्तात मिळतो आहे. उंच आहे, देखणा आहे. या धंद्याला चालेल का? (नागाव)

बहुतेक वेळा नाही, आणि त्यात दोष घोड्याचा नाही. त्याला जे शिकवले आहे ते तुमच्या कामाच्या नेमके उलटे आहे. शर्यतीत स्वार लगाम आखडून धरतो तेव्हा घोड्याने त्यावर रेलून पळायचे असते. तुमच्याकडे आलेला नवखा माणूस घाबरला की हेच करतो, लगाम गच्च ओढतो. घोडा ते ‘पळ’ असे समजतो. दोन्ही बाजूंनी टाचांचा दाब त्याच्या ओळखीचा नसतो. पाठीवर चढताना स्थिर उभे राहण्याची त्याला सवय नसते, कारण जॉकीला चालत्या घोड्यावर उचलून बसवतात. त्यात पॅरासेलिंगचे कापड, मुलांचे फुगे आणि मागून येणारी जीप. हे सगळे बदलता येते, पण जाणत्या माणसाने पाच-सहा महिने रोज मेहनत घेतली तर. तोवर त्याच्यावर लहान मूल बसवू नका.

दुसरी अडचण वाळूची. पुळणीच्या वरच्या भागातल्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत टाप रुतते आणि प्रत्येक पावलाला नळीमागची (गुडघ्याखालच्या हाडामागची) कंडरा ताणली जाते. आधीच एकदा दुखावलेली कंडरा इथे हमखास पुन्हा जाते. ओहोटीनंतरचा ओला, घट्ट पट्टा त्यामानाने सुरक्षित. म्हणजे कामाच्या वेळा गर्दीवर नाही, भरती-ओहोटीवर ठरल्या पाहिजेत.

स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त ओझे नको. जुनी दुखापत असलेल्या घोड्याला आम्ही पंधरा टक्के म्हणू. ४५० किलोच्या घोड्यावर म्हणजे ६७ किलो, खोगिरासकट. किनाऱ्यावर येणारी बरीच मोठी माणसे यात बसत नाहीत. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यांनुसार दिवसाला नऊ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, आणि पारा ३७ अंशांवर जात असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवावे लागते. कोकणात पारा ३४ वर असला तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून आमचा सल्ला याहून कडक आहे : मार्च ते मेमध्ये सकाळी दहानंतर आणि दुपारी चारपूर्वी घोडा सावलीत असावा.

ज्यांच्याकडे किनाऱ्यावरचे घोडे आहेत त्यांनी महिन्यातून एकदा ही तपासणी करावी. ताज्या लिदीचे सहा गोळे जमिनीला न टेकलेल्या भागातून उचला, पारदर्शक बरणीत पाणी घालून कालवा आणि अर्धा तास ठेवा. तळाला चमचाभराहून जास्त वाळू बसली तर पोटात वाळू साठते आहे. ती आतड्यात थर धरते आणि एक दिवस पोटशुळाने घोडा लोळू लागतो. वैरण वाळूवर टाकू नका, रबरी चटई किंवा गव्हाण वापरा. चरायला सोडण्याआधी सुके गवत खाऊ घाला. इसबगोलाच्या भुशीने फायदा होतो, पण मात्रा मोठी असते, चमचा-दोन चमच्यांत भागत नाही. वजनानुसार ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

प्रश्न : माझा घोडागाडीच्या शर्यतीतला अकरा वर्षांचा घोडा. पुढच्या उजव्या पायाची नळी मागून फुगली आहे. डॉक्टर म्हणतात, शर्यत विसरा. वस्तीतले जुने लोक डाग द्यायला सांगतात. बरा झाल्यावर टांग्याला किंवा लग्नाच्या वरातीला लावता येईल का? (रेवदंडा)

डाग देऊ नका. तापल्या सळईने कातडी भाजते, खालच्या फाटलेल्या कंडरेचे तंतू जुळत नाहीत. डाग दिल्यावर घोडा ‘बरा’ झाल्यासारखा दिसतो, कारण भाजलेल्या पायावर त्याला महिनोन्महिने कोणी पळवत नाही. फायदा त्या विश्रांतीचा असतो, आणि विश्रांती डागाशिवायही देता येते.

काय झाले आहे ते हाताने समजून घ्या. पाय उचलून गुडघा दुमडा, म्हणजे कंडरा सैल पडतात. मग गुडघ्याखालून घोट्यापर्यंत अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत नळीमागची दोरी धरत खाली या. निरोगी पायात तिच्या कडा पेन्सिलीसारख्या स्पष्ट लागतात. दुखावलेल्या जागी ती जाड, मऊ, गरम लागते आणि दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो. डाव्या पायाशी ताडून पाहा. रोज सकाळी ही तपासणी करा आणि गरमपणा कुठे आहे ते लिहून ठेवा.

सूज ताजी असेल तर दिवसातून तीन-चार वेळा वीस-वीस मिनिटे थंड करा. विहिरीचे पाणी आपल्याकडे फारसे गार नसते, म्हणून कापडात बर्फ गुंडाळून लावा. रेवदंड्याला समुद्र जवळ आहे. लंगड ओसरल्यावर, डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली की, गुडघाभर पाण्यात उभे करणेही चांगले. नंतर गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा, नाही तर घोट्यामागची कातडी फुटते. दुखापतीनंतर आठ-दहा दिवसांनी सोनोग्राफी करून घ्या, त्याआधी फाटीचा खरा आकार दिसत नाही. गावात सोय नसेल तर मुंबईच्या किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी आपल्या डॉक्टरांमार्फत संपर्क साधा.

पुढचे वेळापत्रक संथ आहे. पहिले काही आठवडे तबेल्यात विश्रांती. मग हाताने धरून सपाट जमिनीवर दहा मिनिटे चालवणे, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत. दुडकी चाल साधारण चौथ्या महिन्यापासून, तीही पुन्हा सोनोग्राफी करून. कंडरा भरायला नऊ महिने ते वर्ष लागते, आणि भरल्यावरही तिथे मूळचा लवचीक धागा नसतो, ताठर वण असतो. म्हणून ती पुन्हा त्याच जागी किंवा तिच्या वर-खाली फाटते. तीन महिन्यांत सूज उतरते, घोडा उड्या मारू लागतो आणि मालकाला वाटते झाले. याच टप्प्यावर सर्वांत जास्त घोडे कायमचे अधू होतात.

वर्षभराने टांगा? सपाट रस्ता, हलकी दोनचाकी गाडी, दोन माणसे, फक्त चाल आणि हलकी दुडकी, रोज तासभर, एवढे चालेल. रेवदंडा ते अलिबाग डांबरी रस्त्यावर भरलेला टांगा चालणार नाही. वरातीचे आम्ही नकोच म्हणू. ओझ्यापेक्षा तिथे तासन्‌तास एका जागी उभे राहणे, नाचवण्यासाठी तोंडाला दिलेले हिसके, फटाके आणि रात्री घसरडा रस्ता, हे सगळे त्या पायावर येते. वेदनाशामक देऊन कामाला लावणे तर अजिबात नको. कामाला अयोग्य जनावर जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय वेदना हीच त्या पायाची राखण असते. ती मारली की घोडा पूर्ण भार देतो आणि उरलेले तंतूही जातात.

प्रश्न : शर्यतीतून काढलेला घोडा दोन वर्षे सांभाळतो आहोत. खुराक चांगला आहे : रोज भरपूर हत्ती गवत आणि दोन-अडीच किलो कोंडा. तरी तो कधी या, कधी त्या पायाने लंगडतो आणि डोळ्यांखाली दोन्ही बाजूंनी तोंड फुगल्यासारखे दिसते. दातांचे दुखणे असेल का? (गुहागर)

दात दाखवाच, पण तुमच्या पत्रात उत्तर खुराकातच दिसते. घोड्याला कॅल्शियम मिळत नाही आणि शरीर ते हाडांतून काढते आहे. तोंडाची हाडे विरघळून त्या जागी तंतूंची भर पडते, म्हणून तोंड फुगते. लंगड पाय बदलत फिरते, कारण दुखणे एका सांध्यात नसून सगळ्या सांगाड्यात आहे. पुढे दाढा सैल होतात, थोड्या कामानेही हाड मोडू शकते.

कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. गव्हाच्या कोंड्यात साधारण आठ-दहा पट, भाताच्या कोंड्यात त्याहूनही जास्त. घोड्याच्या एकूण आहारात मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट हवे. ४५० किलोच्या, काम नसलेल्या घोड्याची रोजची गरज सुमारे १८ ग्रॅम कॅल्शियम आणि १३ ग्रॅम फॉस्फरस एवढी असते. दोन किलो गव्हाच्या कोंड्यातूनच फॉस्फरस वीस ग्रॅमहून जास्त जातो, कॅल्शियम दोन-तीन ग्रॅम. त्यावर हत्ती गवत. त्यातील ऑक्झलेट गवतातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते, ते लिदीवाटे निघून जाते. गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू बरेचसे ऑक्झलेट फोडतात, म्हणून त्याच गवतावर म्हैस ठणठणीत राहते आणि घोडा खंगतो. शेजाऱ्यांच्या गोठ्यावरून घोड्याचा खुराक ठरवू नये तो यासाठी.

कोंडा आठवडाभरात कमी करत बंद करा. हत्ती गवत मुख्य वैरण म्हणून बंद, चवीपुरते चालेल. वरकस जमिनीवरचे फुलोऱ्यापूर्वी कापून वाळवलेले गवत वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज सात ते नऊ किलो द्या. भाताचा पेंढा पोट भरतो, पोसत नाही. तो एकूण वैरणीच्या पाव भागाहून जास्त नको. घाटावरून सुका लसूणघास मागवा. रोजच्या दोन किलोंतून पंचवीसेक ग्रॅम कॅल्शियम मिळते. जोडीला पशुखाद्याच्या दर्जाची चुनखडीची पूड डॉक्टर सांगतील त्या मात्रेत, किंचित ओल्या चंदीत कालवून द्या. पानाला लावायचा किंवा भिंतीचा चुना नव्हे, त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते. दोन-तीन चमचे मीठ रोज द्याच.

लंगड काही आठवड्यांत कमी होऊ लागेल. हाडे भरायला महिने लागतात आणि तोंडावरची सूज पूर्ण जाईलच असे नाही. तोवर पाठीवर कोणी बसू नये. रक्तातले कॅल्शियम ठीक आले तर गाफील राहू नका. हाडे झिजवून शरीर तो आकडा सांभाळत असते.

प्रश्न : पावसाळ्यात निवृत्त घोड्याची काय तयारी करावी? (दिवेआगर)

वैरणीपासून सुरुवात करा. रोज आठ किलो धरले तर जून ते सप्टेंबर सुमारे ९७६ किलो लागते. नासाडी धरून अकराशे-बाराशे किलो मे अखेरपर्यंत आत आलेले असावे. जमिनीपासून फूटभर उंच माचावर, भिंतीपासून फूटभर सोडून रचा. बुरशीचा वास आलेली पेंढी द्यायची नाही, ‘वरची काढून आतली’ हेही नाही. बुरशीने पोटशूळ होतो आणि धापेचा कायमचा खोकला लागतो.

तबेला बारा बाय बारा फूट, जमिनीला उतार आणि पागोळीचे पाणी आत येणार नाही अशी पडवी. दिवसातून दोनदा टापा साफ करा. तळाच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत काळा, कुजका वास येणारा चिखल दिसला तर सड सुरू झाली आहे. खरवडून, धुऊन, पूर्ण कोरडे करून औषध लावायचे. ओल्यावर औषध बसत नाही. गोमाश्या आणि डास यांना फक्त त्रास समजू नका. गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो : ताप येतो-जातो, पाय आणि पोटाखाली सूज येते, घोडा भरपूर खाऊनही वाळतो. ताप चढलेला असतानाच रक्ताची काच तपासायला द्या.

घाटावरून, विशेषतः पुण्याच्या तबेल्यांतून आलेल्या घोड्यांबाबत आणखी एक गोष्ट. दमट हवेत काही घोड्यांचा घाम बंद होतो. अंग कोरडे, नाकपुड्या फुललेल्या, नुसता उभा असतानाही मिनिटाला तीस-चाळीस श्वास (निरोगी घोड्याचे आठ ते सोळा), ताप ३९ अंशांवर. ताबडतोब सावली, पंखा आणि अंगावर सतत गार पाणी. असा घोडा कोकणात रुळेलच याची खात्री नसते. दुसऱ्या उन्हाळ्यातही तेच झाले तर त्याला घाटावर पाठवणे हाच उपाय.

प्रश्न : शर्यतीतून काढलेल्या घोडीला शिंगरे घ्यावी का? (मालवण)

ती पायाच्या दोषामुळे थांबली असेल तर नको, पायाची ठेवण पुढच्या पिढीत उतरते. निरोगी असली तरी अकरा महिन्यांचा गाभ, रात्रीबेरात्री पोचू शकणारा डॉक्टर आणि शिंगराला पाच-सहा वर्षांनी कोण घेणार याचे उत्तर, हे तिन्ही हाताशी असेल तरच. ‘घोडी रिकामी कशाला ठेवायची’ हे कारण पुरेसे नाही.

प्रश्न : आमचा घोडा चोवीस वर्षांचा आहे. दोनदा बसलेला उठला नाही, माणसांनी उठवला. डॉक्टर त्याला झोपवायचे म्हणतात. घरात कोणाचे मन होत नाही. (मुरूड)

मन होणार नाहीच. पण दोनदा उठता आले नाही, ही गोष्ट फार मोठी आहे. घोडा काही तास एका कुशीवर पडून राहिला तर खालच्या बाजूचे स्नायू त्याच्याच वजनाने मरू लागतात, पोट फुगते, फुफ्फुसावर दाब येतो. तिसऱ्या वेळी तो रात्री, पावसात, कोणी जवळ नसताना पडला तर सकाळपर्यंतचे त्याचे हाल डॉक्टर टाळू पाहत आहेत. एकदा दात तपासून घ्या. गवताचे चघळलेले गोळे तोंडातून पडत असतील आणि तो केवळ उपासमारीने अशक्त झाला असेल, तर दाढा घासून आणि भिजवलेला मऊ खुराक देऊन काही काळ मिळतो. सांधे गेले असतील, चेहरा दुखण्याने ओढलेला असेल, सोबत्याकडेही तो पाहत नसेल, तर डॉक्टरांचे ऐका. वेदनेतल्या, बरे न होणाऱ्या जनावराला डॉक्टरांच्या हातून संपवणे बेकायदा नाही. उपाशी किंवा तहानलेले राहील असे त्याला सोडून देणे हा मात्र गुन्हा आहे.

दिवस पावसाआधीचा ठरवा. खड्डा आधी खणून ठेवा : सुमारे नऊ फूट लांब, सात फूट रुंद, नऊ फूट खोल, म्हणजे वर निदान तीन-चार फूट माती येते. मुरूडसारख्या ठिकाणी किनाऱ्यालगत चार-पाच फुटांवर पाणी लागते, तिथे जमणार नाही. वरकस, उंच जागा निवडा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून ५० मीटरपेक्षा जास्त दूर. जांभा लागला तर जेसीबीला ब्रेकर जोडावा लागतो, ते यंत्रवाल्याला आधी सांगा. पुळणीत पुरू नका, भरती उकरून काढते. ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला आधी कळवा.

घोड्याला शक्यतो चालवत खड्ड्याजवळ न्यावे. तिथे त्याला आवडते ते खाऊ द्या. डॉक्टर आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, मग शिरेतून मोठ्या मात्रेचे भुलीचे औषध. काही सेकंदांत तो खाली येतो, म्हणून दोरी धरणाऱ्याने समोर उभे राहू नये. नंतर एक-दोन खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसते, डोळे उघडेच राहतात. त्याला तेव्हा काही कळत नसते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. डॉक्टर हृदयाचे ठोके आणि डोळ्याची हालचाल तपासून खात्री करतील. सोबतीचा घोडा असेल तर त्याला थोडा वेळ जवळ येऊन हुंगू द्या, नाही तर तो कित्येक दिवस शोधत हिंडतो. लगेच पुरा. त्या औषधाने भरलेले मांस कुत्र्यांना आणि गिधाडांना मारते, आणि मुरूडच्या शेजारच्याच म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडांची वस्ती आहे.

प्रश्न : नोकरीमुळे घोडा ठेवणे शक्य नाही. साताऱ्याकडचे एक कुटुंब घ्यायला तयार आहे. काय काळजी घ्यावी? (दापोली)

एकदम देऊन टाकू नका, आधी तीन महिने सांभाळायला द्या. तुम्ही जाऊन जागा, पाणी, वैरण आणि तिथली इतर जनावरे पाहा. इतर जनावरांच्या बरगड्या आणि टापा पाहिल्या की पुढचे कळते. कागद करा. त्यात घोड्याचे वय, मायक्रोचिप क्रमांक, चारही बाजूंचे फोटो, जुन्या दुखापती आणि चालू औषधे लिहा. शर्यत, वरात आणि पैदास नाही, आणि नको झाला तर बाजारात न नेता आधी तुम्हाला परत, ही अट त्यात हवी. निवृत्त घोडा एका हातातून दुसऱ्या हाती जाऊ लागला की प्रत्येक वेळी माहिती गळते. तिसऱ्या मालकाला तो ‘सात वर्षांचा, कधीच न लंगडलेला’ म्हणून विकला जातो आणि त्याच पायावर पुन्हा ओझे येते.

गाडीत चढवण्यापूर्वी प्रवासयोग्यतेचा दाखला डॉक्टरांकडून घ्या. पहाटे निघा. तळाला घसरणार नाही अशी चटई आणि पेंढा टाका. घाटाची वळणे सावकाश घ्यायला चालकाला बजावा, घोडा वळणावर चारही पायांनी तोल सावरतो आणि दुखरा पाय तिथेच दुखावतो. डोके उंच बांधू नका. खाली घालता आले तर नाका-घशातला कफ बाहेर पडतो, तासन्‌तास उंच राहिले तर तो फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी द्या. पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजायला सांगा, आणि ३८.५ च्या वर गेला किंवा खाणे सोडले तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवायला सांगा. आठवडाभराची जुनी वैरण घोड्याबरोबरच गाडीत भरा, म्हणजे नवी वैरण त्यात थोडी थोडी मिसळत बदलता येईल.